काकांची केस

अंबरनाथ पूर्वेला कानसईपासून शिवमंदिरापर्यंत कुठल्याही गल्लीत ‘काका कुठे आहेत?’ असं विचारलं की समोरचा उलट विचारतो, ‘सध्या आत आहेत की बाहेर?’ म्हणजे घरात की घराबाहेर असं नव्हे. मंडळात आहेत की मंडळाबाहेर.

त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असे काका उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत आहेत, आणि बदलापुरात तर पूर्वेचे वेगळे, पश्चिमेचे वेगळे. समाजसेवा सोडून गेलेला आणि परत आलेला माणूस ही एक स्वतंत्र जात आहे. जो कधी सोडून गेलाच नाही त्याला कुणी विचारत नाही. जो परत आला, त्याला मात्र ‘का परत आलात?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं. आमच्या काकांकडे ते उत्तर तयार आहे. एकच नाही, ऐकणाऱ्याच्या शिक्षणाप्रमाणे वेगवेगळं आहे.

काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. उभं आयुष्य भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. निवृत्तीनंतर भोंगा दुसऱ्यांसाठी वाजायला लागला, ही गोष्ट त्यांना फार लागली. दुसऱ्याच आठवड्यात ते आमच्या मंडळात आले. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. वर्षातून दोन रक्तदान शिबिरं, जूनमध्ये वह्यावाटप, पावसाळ्यात कुठे पाणी शिरलं तर खिचडी, आणि महाशिवरात्रीला मंदिराच्या रस्त्यावर पिण्याचं पाणी. हे शेवटचं काम खरं. मंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. शिलाहारांनी वालधुनीच्या काठी बांधलं. बांधताना त्यांनी कोरीवकामाचा भरपूर विचार केला, पण एका दिवशी लाखो माणसं येतील आणि प्रत्येकाला तहान लागेल याचा विचार केला नाही. तो काकांनी केला. टाक्या किती, पेले किती, ओल्या जागी वाळू कुणी टाकायची, हरवलेलं मूल कुठे बसवायचं, सगळं त्यांच्या वहीत. त्या वहीवर मंडळ सुखाने चाललं.

आणि मग ते पत्रक निघालं.

रक्तदान शिबिराच्या पत्रकावर सोळा कार्यकर्त्यांची नावं छापली होती आणि खाली ‘आणि इतर कार्यकर्ते’. काकांनी मोजून पाहिलं. मंडळात त्या वेळी माणसं होती सतरा. म्हणजे ‘इतर कार्यकर्ते’ हे एकटे काका होते. एकट्या माणसाला अनेकवचनात छापून वगळल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. त्यांनी वही टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि घरी गेले. चार वर्षं आलेच नाहीत.

त्या चार वर्षांत त्यांना मानसशास्त्र झालं. ताप येतो तसं नव्हे, हळूहळू. सूनबाई बाहेरून मानसशास्त्रात एम. ए. करत होत्या. पुस्तकं जेवणाच्या टेबलावर असायची. काकांनी ती आधी छपाईच्या चुका काढण्यासाठी वाचली आणि मग स्वतःसाठी. कि. मो. फडक्यांचं अल्बर्ट एलिसवरचं लिखाण वाचलं. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींची व्याख्यानं मोबाइलवर ऐकली. एलिसचं म्हणणं त्यांना तत्त्वतः पटलं. माणसाला दुःख घटनेचं होत नाही, घटनेबद्दल तो मनात जो हट्ट धरतो त्याचं होतं. ‘नाव छापायलाच हवं होतं’ हा तो हट्ट, हेही त्यांनी मान्य केलं. फक्त पुढे एवढंच म्हणाले, ‘पण छापायलाच हवं होतं.’

खरा साक्षात्कार झाला तो फ्रॉइडेनबर्गरपाशी. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हा न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. दिवसभर स्वतःचे रुग्ण बघायचा आणि रात्री गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात राबायचा. तिथल्या उत्साही स्वयंसेवकांचं काही महिन्यांनी काय होतं हे त्याने पाहिलं. माणसं थकतात, चिडतात, हेकट होतात, ज्यांची सेवा करायची त्यांच्यावरच खेकसतात. १९७४ साली त्याने यावर लेख लिहिला आणि बर्नआउट हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला. आज हा शब्द आयटीतली पोरं शुक्रवारी संध्याकाळी वापरतात. पण त्याचे पहिले रुग्ण बिनपगारी कार्यकर्ते होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. काकांना ठाऊक आहे. आता आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

‘म्हणजे लक्षात घे,’ काका मला विम्को नाक्यावर अडवून म्हणाले, ‘मी रुसलो नव्हतो. मला बर्नआउट झाला होता.’

या एका वाक्यासाठी त्यांनी चार वर्षं अभ्यास केला, असं माझं मत आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही. रुसलेल्या माणसाला परत येता येत नाही, आजारी माणसाला येता येतं.

परत आले ते २७ जुलै २०१९ला. ती तारीख या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पाण्यात उभी राहिली. उल्हास नदी रुळांवर आली होती, आत हजारावर माणसं. सकाळी टीव्हीवर नुसतं पाणी आणि पाण्यात डबे. मग एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, आणि या सगळ्यांच्या आधीपासून आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथे होती. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या.

काकांच्या सांगण्याप्रमाणे, टीव्हीवरचं ते दृश्य पाहताच त्यांच्या आत काहीतरी हललं. ते सेवेची मूळ प्रेरणा म्हणतात ती.

मी त्या सकाळी मंडळात, वहिनींच्या शेजारी उभा होतो. आत काय हललं ते मला माहीत नाही, पण फोन कुणी केला ते मी पाहिलं आहे.

वहिनी आमच्या खजिनदार. पालिकेच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. मानसशास्त्राचं एक पान वाचलेलं नाही, आणि पहिलीच्या वर्गानंतर त्याची गरज पडत नाही. त्यांनी काकांना फोन लावला आणि म्हणाल्या, ‘काका, मोठ्या पातेल्याचं झाकण तुम्ही कुठे ठेवलं होतं हो?’ पुराबद्दल अवाक्षर नाही. ‘या’ असंही नाही. काकांनी सांगितलं, माळ्यावर, सतरंज्यांच्या मागे. पाच मिनिटांनी दुसरा फोन. ‘झाकण मिळालं. कोठीच्या कुलपाची किल्ली?’ काका म्हणाले, किल्ली तीच, पण कुलूप आधी उलटं फिरवावं लागतं. तिसरा फोन त्यांनी केलाच नाही. दहा मिनिटं थांबल्या. झाकण समोर होतं, कुलूप उघडलेलं होतं, खिचडीला फोडणी पडली होती. अकराव्या मिनिटाला काका रेनकोट घालून दारात उभे.

‘तुम्हाला ते कुलूप उघडायचं नाही,’ ते म्हणाले.

‘नाहीच उघडत बघा,’ वहिनी म्हणाल्या आणि पाठीमागे हात नेऊन कुलूप परत लावलं.

पुढे एका बैठकीत खुद्द काकांनीच आम्हाला फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा १९६६चा प्रयोग समजावून सांगितला. कॅलिफोर्नियात लोकांना आधी खिडकीत गाडी जपून चालवा असं सांगणारी एवढीशी पाटी लावायला सांगितली. मग काही दिवसांनी अंगणात भलामोठा कुरूप फलक लावू द्या म्हटलं, तर बहुतेकांनी लावू दिला. आधी छोटी विनंती, मग मोठी. पाय दारात सरकवायचा. ‘साधी माणसं फसतात याला,’ काका म्हणाले. वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तर त्या दिवशी टेम्पो कर्जत रस्त्याने बदलापूरला गेला. मंगल कार्यालयात आणलेल्या प्रवाशांसाठी चहा, बिस्किटं, वडापाव, पुलाव यांची इतकी रीघ लागली होती की एका आजोबांनी आमची खिचडी हात जोडून नाकारली. पुढे कल्याणहून या प्रवाशांसाठी खास गाडी कोल्हापूरला गेली. खिचडी घेऊन आम्ही पुलावरून पश्चिमेला, हेंद्रेपाड्याकडे गेलो. तिथे दर मोठ्या पावसाला नदी घरात येते. बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी साडेसतरा मीटर आहे, आणि हा आकडा तिथल्या बायका दुधाच्या भावासारखा सांगतात. कॅमेरे सगळे पूर्वेला होते. काकांनी खिचडी वाढली, मग पाणी उतरल्यावर खराटा घेतला आणि रात्री साडेनऊपर्यंत एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरातला चिखल काढला. एकदाही बोलले नाहीत. काका न बोलता काम करताना मी पहिल्यांदाच पाहिले. त्या पाच तासांत मानसशास्त्र कुठे गेलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आलं.

तेव्हापासून काकांच्या पुनरागमनावर भाष्यं सुरू आहेत. कॉलेजच्या मुलांना ते झायगार्निक सांगतात. ब्लूमा झायगार्निक, बर्लिन, १९२७. वेटरला ज्यांचं बिल व्हायचं आहे त्यांची ऑर्डर पाठ असते, पैसे मिळाले की तो विसरतो; अपुरं काम डोक्यात टोचत राहतं. माझी वही अपुरी राहिली होती, म्हणून मी आलो. निवृत्त मंडळींना ते एरिक्सन सांगतात. मध्यमवयात माणूस पुढच्या पिढीसाठी काही करतो, नाहीतर साचतो. जावयांना मॅस्लोचा पिरॅमिड. आणि मला, एकांतात, बर्नआउट. पत्रकाचा उल्लेख एकाही सिद्धांतात नाही. आश्चर्य असं की यांतला प्रत्येक सिद्धांत थोडाथोडा लागू पडतो. रेल्वेच्या पासावरचा फोटो जसा मालकाशी थोडाफार जुळतो, तेवढा.

काका स्वतःची केस सांगून थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. त्यांनी मंडळ सुधारायला घेतलं.

पहिली गदा आली सन्मानचिन्हांवर. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली बालवाडीत प्रयोग केला होता. ज्या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडतं त्यांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं सांगितलं. नंतर प्रशस्तिपत्र बंद झाल्यावर त्यांची चित्रं काढायची ओढ निम्म्यावर आली. बक्षिसाने आवड मरते. काकांनी ठराव मांडला: यापुढे कार्यकर्त्यांना सन्मानचिन्ह नाही, टी-शर्ट नाही, टोपी नाही. ठराव मंजूर झाला, कारण वाचलेले पैसे टाक्यांना लागणार होते. पुढच्याच शिबिराला पोरं निम्मी आली. काका आनंदले. बघा, बरोबर निम्मी!

त्यांच्या घरी टीव्हीच्या वर सात सन्मानचिन्हं आहेत. ती त्यांनी का ठेवली आहेत असं सूनबाईंनी विचारलं. ती अनपेक्षित मिळाली होती, असं ते म्हणाले. हे उत्तर शास्त्राला धरून आहे. त्या प्रयोगात ज्या मुलांना बक्षीस न सांगता अचानक दिलं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. काका वाद घालताना पळवाट शोधत नाहीत, मूळ निबंधातूनच काढतात. म्हणून ते हरत नाहीत.

मग रिंगलमान आला. हा फ्रान्सचा शेती अभियंता. माणसांना दोर ओढायला लावून त्याने मोजलं: आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. बाकीचे ओढताहेत ना, असं प्रत्येकाला वाटतं. मंडपाचे बांबू उचलताना काकांनी हे सांगितलं आणि बांबू एकेकट्याने उचलायची पद्धत सुरू केली. दोघांची पाठ धरली. रिंगलमानचे बांबू किती फुटी होते ते निबंधात नाही, असं काका म्हणाले.

पण सगळंच असं नाही, आणि इथे मला काकांना त्यांचं माप द्यायला हवं. डार्ली आणि लटाने यांनी १९६८ साली दाखवलं की अपघात बघणारी माणसं जितकी जास्त, तितकी एकेकाला वाटणारी जबाबदारी कमी. कुणीतरी करेल, असं वाटत सगळे उभे राहतात. महाशिवरात्रीच्या रांगेत भर दुपारी एक बाई चक्कर येऊन पडल्या. भोवती शंभर माणसं, सगळी ‘अरे कुणीतरी पाणी आणा’ म्हणणारी. काका टाकीवर चढले. ‘निळा शर्ट, तू! हो तूच. पाणी. पिवळी ओढणी, त्यांचं डोकं मांडीवर घे. टोपीवाले, तुम्ही पोलिसांना सांगा, स्ट्रेचर. बाकीचे चार पावलं मागे.’ एका मिनिटात वर्तुळ मोकळं झालं. तिथे पुस्तक वाचलेला माणूस उपयोगी पडला, यात शंका नाही. तेव्हापासून आमच्याकडे ‘कुणीतरी’ हा माणूस काम करत नाही. काकांनी त्याला काढून टाकला. कदाचित तो ‘इतर कार्यकर्ते’चा नातेवाईक असावा.

काकांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे प्रश्नावली. क्लॅरी, स्नायडर आणि मंडळींनी १९९८ साली माणसं स्वयंसेवा का करतात याची सहा कारणं मांडली: मूल्यं, काही शिकण्याची इच्छा, चारचौघांत राहणं, नोकरीला उपयोग, स्वतःच्या मनाचे त्रास विसरणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. तीस विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण. काकांनी त्यांचं मराठी केलं, झेरॉक्स काढल्या आणि रविवारी सगळ्यांना पेन दिलं.

निकाल असा. कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्स शिवणारा आमचा एक पोरगा. त्याने लिहिलं: ‘आठवडाभर मशीनसमोर बसून असतो. इथे उभं राहायला मिळतं.’ काका बराच वेळ पेन चावत बसले. उभं राहणं सहांपैकी कशातच नव्हतं. एका ताईंनी तीसही विधानांना सात गुण दिले, कारण शाळेपासून त्यांनी कुठे कमी गुण पाहिलेले नाहीत. दुसऱ्या एकींनी गुण न देता खाली लिहिलं, ‘रविवारी पाहुणे येतात.’ काकांनी ते ‘मनाचे त्रास विसरणं’मध्ये घातलं. आणि मंडळाच्या टाक्यांचा खर्च देणारे उल्हासनगरचे शेठ, कॅम्प दोनमध्ये कापडाचं दुकान असलेले, त्यांनी कागद तसाच परत केला.

‘साईं, ये तो मुझसे नहीं होगा,’ ते म्हणाले. ‘हमारे दादा सिंध से आए, मिलिट्री के बैरक में उतरे. पहली रात किसी ने खाना दिया. कौन था, नाम नहीं पूछा. वो हिसाब अभी चालू है.’

१९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं, म्हणजे हिशेब सत्तर वर्षांच्या वर चालला होता. काका क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी समासात लिहिलं: ‘परस्परभाव. तिसरी पिढी. तपासणे.’

वहिनींचा कागद शेवटी राहिला होता. त्यांनी मागच्या बाजूला वाण्याची यादी केली होती. काका चिडले. वहिनी म्हणाल्या, ‘बाई पोळ्या लाटते तेव्हा तिला कुणी का लाटतेस असं विचारतं का हो? तुम्हाला निदान विचारणारं कुणीतरी आहे.’ काकांनी हेही टिपून घेतलं, पण कुठल्या रकान्यात घालावं ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

असे काका वर्षातून एकदा तरी राजीनामा देतातच. तो पूर्वीसारखा चपला घालून जाण्याचा नसतो. आता तो लेखी, मुद्देसूद आणि संदर्भासह असतो. करोनाच्या वर्षी धान्याची पाकिटं भरताना त्यांनी तो मास्क लावून दिला होता. वहिनी प्रत्येक राजीनामा घेतात, वाचतात, ‘छान लिहिलंय’ म्हणतात आणि पावत्यांच्या फाइलला लावतात. लेखापरीक्षकांनी एकदा विचारलं, हे व्हाउचर कसलं? वहिनी म्हणाल्या, ‘देखभाल खर्च.’

परवाचा राजीनामा पानभराचा होता. निमित्त असं की मंदिराच्या रस्त्यावरच्या बॅनरवर काकांचा फोटो आला, पण कडेला, अर्धा कान कापून. अर्थात राजीनाम्यात कानाचा उल्लेख नव्हता. त्यात भावनिक थकवा, भूमिकेतली संदिग्धता आणि अपेक्षांचा ताण हे तीन मुद्दे होते. दोन दिवस ते आले नाहीत. टाक्या सांगायच्या राहिल्या, वाळूचा ट्रक ठरायचा होता. पोरं घाबरली. सिद्धांताने बघायचं तर ही वेळ समजूत घालण्याची होती. अध्यक्ष हार आणि पेढे घेऊन जायच्या तयारीत होते.

वहिनींनी त्यांना थांबवलं आणि काकांना फोन लावला.

‘काका, राजीनामा मिळाला. मुद्दे सगळे पटले. फक्त त्यावर तारीख घालायची राहिलीय. तेवढं येऊन घालून जाता का? नाहीतर तो अपुरा राहतो.’

अपुरा हा शब्द त्यांनी कुठून आणला मला माहीत नाही. झायगार्निकच्या व्याख्यानाला त्या बसल्या होत्या एवढं खरं.

संध्याकाळी काका आले. कुणाशी बोलले नाहीत. टेबलाशी बसून चष्मा लावला, पेन उघडलं.

‘कुठली घालू?’

‘तुमची इच्छा. पण महाशिवरात्रीनंतरची घाला. त्याआधीची मला मंजूर करता यायची नाही, बैठक नाही.’

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग तारीख घातली, खाली सही केली आणि कागद वहिनींकडे सरकवला. सरकवतानाच त्यांची नजर फळ्यावर गेली.

‘आठच टाक्या? कुणी लिहिलंय हे? निळा शर्ट, तू! खडू आण इकडे.’